पंचाची बाटली

१

"थू!" म्हणत बाबूलालजींनी तिसरा पेला टेबलावर आपटला आणि रुखमाच्या अकरा वर्षांच्या कामाचा निकाल एका शब्दात लावून टाकला.

निकालाची ही रीत काही फार शास्त्रोक्त नव्हती. पण वायनरी त्यांची, जांभळं त्यांची आणि तोंडही त्यांचंच. साकोलीहून सानगडीकडे जाताना तलावाच्या पाळीवर जुन्या जांभळांची रांग लागते, तिच्या सावलीत बाबूलालजी जांभळाची लाल वाइन करतात. आज तिथे तीन जुन्या बाटल्या उघडल्या होत्या. तिघी सख्ख्या बहिणी. एकाच वर्षाची जांभळं, एकाच दिवशी काढलेला रस, एकसारखी काच, तोंडावर एकाच भांड्यातली लाख. फरक एवढाच, की एक स्टीलच्या टाकीत मुरली, दुसरी ओकच्या लाकडी पिंपात आणि तिसरी लोणच्याच्या मोठ्या चिनी मातीच्या बरणीत. लेबलांवर तेवढंच लिहिलं होतं: टाकी, पिंप, बरणी. पिंप भरलं होतं मुख्य कारागीर चंद्रकुमारने. बरणी होती रुखमाची.

चाखणारे तिघे. बाबूलालजी, नागझिऱ्याच्या वाटेवर नवं रिसॉर्ट उघडणारे नागपूरचे अनुप, आणि शोभाताई. शोभाताईंनी चिखल्याच्या खाणीच्या लॅबमध्ये मँगनीजचे नमुने तपासण्यात तीस वर्षं काढली होती. त्या पीत नसत. पण चाखून थुंकायला धर्म आड येत नाही, असं त्यांचं म्हणणं. येतानाच त्यांनी एक पितळी तसराळं मागून घेतलं होतं. पायाशी एक जाड कापडी पिशवी होती, ती मात्र त्यांनी कुणाला उचलू दिली नव्हती. ऑटोतही ती मांडीवर उभी धरून आणली होती.

ओतण्याचं काम बाबूलालजींचा मुलगा अश्विन करत होता. नाशिकला शिकून आलेला, त्यामुळे ओतणंही बघत राहावं असं. टाकीची बाटली त्याने आडवी धरून, पोट खाली ठेवून हळूच ओतली. पिंपाची उचलली, पेला भरला, टेबलावर ठेवली, पुन्हा उचलली, आणि तळाला दोन बोटं वाइन राहिल्यावर थांबला. बरणीची त्याने आधी खिडकीच्या उजेडात धरली, किंचित फिरवली, मग आडवी ठेवूनच तिन्ही पेले एका दमात भरले. शोभाताईंना लोकांच्या हातांकडे बघायची खोड होती. लॅबमध्ये अर्धी चोरी हातातच दिसते, असं त्या म्हणत.

टाकीची वाइन बरी होती, शेजारच्या घरच्या वरणासारखी. पिंपाची जिभेवर आली तेव्हा शोभाताईंना थुंकायचं क्षणभर जिवावर आलं. आधी सालीचा तुरटपणा, मग वाळलेल्या मनुकांची गोडी, आणि शेवटपर्यंत निव्वळ जांभूळ. म्हातारं झालेलं, पण पाठीत ताठ. मग बरणी. ती आंबली होती, आणि आंबटपणाच्या मागे सुताराच्या दुकानातल्या ओल्या भुशाचा वास येत होता.

"ठरलं," बाबूलालजी म्हणाले. "यंदाचा सगळा हंगाम पिंपात. तळघराची किल्ली चंद्रकुमारकडे. रुखमाबाई, तुमी बाटल्या धुवाच्या कामावर."

दाराशी उभ्या असलेल्या रुखमाने कमरेची किल्ली काढून टेबलावर ठेवली.

"शेठ, हे माही बरणी नोहे."

"नाचता येईना तर अंगण वाकडं!"

"मी बाटल्या धुवाले नाई राहत जी. चार वाजताची बस धरतो अन् भावाकडे चिखल्याले जातो."

शोभाताईंनी तिसरा पेला पुन्हा नाकाशी नेला, हुंगला आणि शांतपणे खाली ठेवला.

"बाबूलालजी, एक सांगा," त्या म्हणाल्या. "चिनी मातीच्या बरणीले लाकडाचा वास कोठून आला?"

२

अनुप यांनीही आपला पेला नाकाशी नेला. शेवटी अश्विन हसला.

"मावशी, रुखमाबाईंनी ओकचे तुकडे टाकले असतील आत. करतात बरेच लोक."

"मी?" रुखमा म्हणाली. "मले तं ओकचं झाड कसं दिसते हेबी ठावं नाई!"

बाबूलालजी कपाळाला आठ्या घालून पेल्याकडे बघत होते. माणूस हेकट खरा, पण खोटा नव्हता. घरात लबाडी झाल्याची शंका त्यांना वाइनपेक्षाही आंबट लागत होती.

"ताई, तुमचं मननं काय? कोणी बदलवलं?"

"ते जेवणाच्या पानावर सांगतो. स्वयंपाकाले किती येळ आहे?"

"दोनक वाजतीन."

"मंग तोवर या तीन बाटल्यांले हात लावू नका. अन् मले सगळ्यांशी बोलू द्या. पानं वाढली अन् मी गप राहिली, तर रुखमाले मीच बसमध्ये बसवून देतो."

हा शब्द त्यांनी मोठ्या डौलात दिला खरा. पण बाहेर आल्यावर त्यांना जाणवलं, की आपण दुसऱ्याची भाकरी पणाला लावली आहे. रुखमा त्यांच्याच लॅबमध्ये नमुने वाहायची. लग्न होऊन सानगडीला आली, आणि जे काही नीटनेटकेपण इकडे आणलं ते तिथलंच. सातवी शिकलेल्या बाईच्या कमरेला तळघराची किल्ली अकरा वर्षं राहिली, ती काही कुणाच्या मेहेरबानीने नव्हे.

रुखमा पाळीवरच्या जांभळाखाली आपली ट्रंक घेऊन बसली होती. डोक्यावर हिरवे घोस लटकले होते. पंधरा दिवसांत काळे पडतील.

"तुह्या बाटल्या तळघरात कशा ठेवल्या होत्या?" शोभाताईंनी विचारलं.

"कशा मंजे? उभ्या. तुमीच शिकवलं नाई का, नमुना कधी आडवा निजवाचा नाई मनून? झाकण गळते, चिठ्ठी घासते." रुखमाने नाक ओढलं. "बाकीच्या सगळ्या आडव्या असतेत. अश्विनबाबू लगित रागवे. मने, वाइन आडवी ठेवतेत, बूच सुकते. मी मनलं, माह्या बुचावर दोन बोटं लाख हाय, ते नाई सुकत."

शोभाताई हसल्या. खाणीतल्या सवयी माणसाच्या अंगातून निघत नाहीत. मँगनीजची काळी पूड एकदा नखात गेली की निवृत्तीनंतरही पाच वर्षं निघत नाही, तसंच.

"अन् आज एकेकच बाटली होती?"

"आज एकेकच," रुखमा म्हणाली. "पण ठेवल्या होत्या दोन-दोन."

३

चंद्रकुमार जिंकला होता, आणि जिंकलेला माणूस पिंपांच्या शेडमध्ये एकटा कशाला बसेल? शोभाताईंना हे पहिल्यांदा खटकलं. तो पालथ्या बादलीवर बसून आपल्याच बोटांकडे बघत होता. बोटांवर वाळलेली पांढरी खळ होती. तांदळाची खळ, आणि बाटल्यांची लेबलं तिनेच चिकटवतात.

"हे काय लागलं?"

"खळ आहे जी. आमचं विणकराचं घर. सकाळी घरून निघाच्या आधी बायकोच्या मागाचा ताणा खळीत घातला." त्याने हात धोतराला पुसले, आणि मग विचारलं नसताना म्हणाला, "ताई, मी चोर नाई."

"तुमाले चोर कोणी मनलं?"

"तुमी मनलं नाई, पण मनान." त्याने श्वास सोडला. "खरं सांगू का? मी शेठच्या पेल्यात उरलेला तो पिंपाचा घोट तोंडाले लावला अन् मले माह्याच वाइनीची ओळख पटली नाई. माह्या पिंपाची एक फळी त्या उन्हाळ्यात सुकून फाकली होती. आत हवा गेली. मले तेव्हापासूनच वाटे, हे आंबन मनून. अन् आज पाहातो तं काय, अमृत!"

"मंग बोलले काहून नाही?"

चंद्रकुमारने मान खाली घातली. पन्नाशीचा माणूस, पण शाळेत उत्तर न आलेल्या पोरासारखा दिसत होता.

"जितलेल्या गड्याले कोणी इचारत नाई, तू कसा जितला मनून. मीबी नाई इचारलं. अन् रुखमाबाईनं किल्ली ठेवली ना जी टेबलावर, तेव्हा इथं," त्याने छातीवर बोट ठेवलं, "काहीतरी तुटलं. पण तोंड नाई उघडलं. हे माहं पाप हाय."

"सकाळी बाटल्या तळघरातून कोणी आणल्या?"

"अश्विनबाबूनं. मी दारात उभा होतो."

बाटल्यांपाशी तो होता. नफा त्याचा होता. बोटांवर खळ होती. कोर्टात उभा केला असता तर वकिलाला फार घाम गाळावा लागला नसता. शोभाताई तिथून थेट चाखायच्या खोलीत गेल्या, बोट ओलं केलं आणि एकेका लेबलाच्या कडेवर घासलं. टाकीच्या लेबलाची कड पाण्याने भिजून चिकट झाली. खळ ती, पाणी लागलं की सुटायचीच. मग पिंप. मग बरणी.

या दोन्ही कडा पाण्याला दाद देईनात. त्यांच्याखाली काहीतरी पारदर्शक, चकचकीत वाळलं होतं. दुकानात नळीत मिळतो तो गोंद.

४

तळघर म्हणजे अर्धवट जमिनीखालची एक गार खोली होती. मे महिन्याच्या उन्हातून आत आल्यावर शोभाताईंना परत वर जाऊ नये असं वाटलं. एका भिंतीला लाकडी खणांत बाटल्या आडव्या निजल्या होत्या, प्रत्येकीच्या वरच्या अंगाला चुन्याचा एक ठिपका. दुसऱ्या कोपऱ्यात एका फळीवर रुखमाच्या बाटल्या खाणीतल्या मजुरांच्या हजेरीसारख्या सरळ उभ्या. त्यांना ठिपके नव्हते.

"हा ठिपका कायचा?" मागून आलेल्या अश्विनला त्यांनी विचारलं.

"मावशी, जुन्या वाइनला गाळ बसतो." शिकवायला मिळालं की अश्विन खुलत असे. "आडव्या बाटलीत तो खालच्या कुशीला चिकटतो. ओततानाही तीच कूस खाली राहिली पाहिजे, नाहीतर गाळ उठतो आणि पेला गढूळ. ठिपका म्हणजे ही बाजू वर."

"अन् उभ्या बाटलीले?"

"तिचा गाळ बुडाशी. ती सरळ उचलायची आणि ओतायची. फक्त शेवटची दोन बोटं सोडायची."

"असं होय! म्हातारपणी काय काय शिका लागते." शोभाताईंनी तिथल्या अश्विनच्या टेबलावर गोंदाच्या नळीशेजारी पडलेल्या गठ्ठ्यातलं एक गुळगुळीत पत्रक उचललं आणि वारा घालायला सुरुवात केली. पत्रकावर अनुप यांच्या रिसॉर्टचं नाव होतं आणि खाली ओकच्या पिंपाचं मोठं रंगीत चित्र. "या जुन्या बाटल्या तू कधी चाखून पाहिल्या होत्या का रे?"

"कशा पाहणार? एकेकच तर होती. मीसुद्धा आजच पहिल्यांदा चाखली." मग आवाज खाली आणून तो म्हणाला, "कुणाचं नाव घ्यायला नको वाटतं, पण सकाळी चंद्रकुमार काका इथंच घुटमळत होते. बाबांना आत्ता सांगू नका. आज अनुप सर सही करायला आलेत."

वर ओसरीत अनुप घड्याळ बघत फेऱ्या मारत होते.

"मॅडम, मला चारपर्यंत निघायचंय. हा घरगुती मामला आहे, मला वाइन आवडली, बात खतम."

"कोणती आवडली?"

"दुसरी. ती ओकवाली."

"अन् ती ओकवाली नसती तर?"

अनुप थबकले. हा प्रश्न त्यांना कुणी विचारला नव्हता, आणि त्याचं उत्तर त्यांच्याही ध्यानात आत्ताच येत होतं.

"मला चव आवडली, मॅडम. ओकचा आग्रह मी कधी धरलाच नाही. तो अश्विनचा होता. तो म्हणायचा, पाहुणे ओकचं नाव बघून बाटली मागवतात."

स्वयंपाकघरातून फोडणीचा वास आला. पावणेदोन झाले होते. शोभाताई वळल्या तर रुखमा दारात उभी, पदराखाली काहीतरी दडवलेलं.

"ताई," ती म्हणाली, "तुमी दोन-दोन बाटल्यांचं इचारलं ना. बाकीच्या तीन माह्याजवळ हायेत."

५

पदराखालून तीन रिकाम्या बाटल्या निघाल्या. टाकी, पिंप, बरणी. लाख फोडलेली, लेबलं जागच्या जागी, आणि ती खळीनेच लावलेली.

"महिन्याआधी धुवाच्या ढिगात सापडल्या. मी मनलं, शेठनं पावण्यायले पाजल्या असतीन. अकरा वर्षांची बाटली धुवाले माहा हात नाई धजला जी. ट्रंकेत ठेवून देल्या, आठवण मनून."

शोभाताईंनी एकेक बाटली उजेडात धरली. आतला गाळ वाळून काचेला पक्का बसला होता. टाकीच्या कुशीला लांब काळपट पट्टा, आणि समोरच्या अंगाला चुन्याचा ठिपका. पिंपाचंही तसंच. बरणीच्या मात्र कुशी दोन्हीकडून आरपार स्वच्छ होत्या, आणि बुडाशी गोल जांभळं कडं.

त्या चाखायच्या खोलीत गेल्या आणि आजच्या बाटल्या बघितल्या, तीनदा. तिसऱ्यांदा बघण्याची गरज नव्हती; तो नुसता आनंद होता. मग त्यांनी तिन्ही बाटल्या एका ताटात ठेवल्या, आपली कापडी पिशवी उचलली आणि रुखमाला म्हणाल्या, "चाल, जेवाले बसू. अन् ते ट्रंक आत आणून ठेव. उन्हात तापून राहिली."

६

पानं मांडली गेली. भात, फोडणीचं वरण, सांडग्यांची भाजी. पण कुणाचा हात पानाकडे वळेना, कारण ताटांच्या मधोमध सहा बाटल्या उभ्या होत्या.

"जेवता जेवता ऐका," शोभाताई म्हणाल्या आणि स्वतः पहिला घास घेतला. "लेबल काढता येते, लावता येते. काचेले बसलेला अकरा वर्षांचा गाळ काही सरकवता येत नाही. आता ह्या महिनाभराआधी रिकाम्या झालेल्या बाटल्या पाहा. टाकी अन् पिंपाचा गाळ कुशीले, काहून की त्या आडव्या निजल्या होत्या. बरणीचा बुडाशी, काहून की रुखमा बाटली उभी ठेवते. अन् आता आजच्या पाहा."

बाबूलालजींनी चष्मा चढवला. पिंपाचं लेबल असलेली बाटली त्यांनी वर धरली, फिरवली, पुन्हा फिरवली. कुशी स्वच्छ. बुडाशी कडं.

"मंजे हे..."

"ते रुखमाची बरणी. अन् जे आंबलेलं तुमी थुंकलं, ते चंद्रकुमारचं पिंप. म्हणून तर त्याले लाकडाचा वास. त्याचा चुन्याचा ठिपका खरवडला, पण नखाचे ओरखडे राहिले, बोट फिरवून पाहा."

सगळ्यांच्या माना चंद्रकुमारकडे वळल्या. तो पांढराफटक पडला.

"मी मघाशीच म्हणालो होतो," अश्विन पटकन बोलला. "काका सकाळी—"

"चंद्रकुमारनं लेबलं चिकटवली असती तर खळीनं चिकटवली असती," शोभाताई म्हणाल्या. "त्याच्या बोटाले सकाळपासून खळ लागून आहे. विणकर माणूस गोंदाची नळी विकत आणत नाही. ज्याच्या टेबलावर ती पडून असते, तोच वापरते. त्याचं पाप एवढंच, की तो गप राहिला, अन् ते त्यानं कबूल केलं आहे. अश्विन, तू मले म्हणाला, एकेकच बाटली होती अन् आजच पहिल्यांदा चाखली. मंग ह्या तीन कोणी रिकाम्या केल्या? बाबूलालजी, तुमी?"

"मी कायले? मले तं वाटे एकेकच उरल्या."

"अनुपजी?"

"मी पहिल्यांदाच आलोय इथे."

अश्विनच्या चेहऱ्यावर अजून हसू होतं, पण ते आता त्याच्या ताब्यात नव्हतं. "रुखमाबाईंकडे किल्ली होती. त्यांनीच प्यायल्या असतील. ट्रंकेत त्यांच्याच सापडल्या ना?"

"बरं. मंग हातांचं काय?"

"कुठल्या हातांचं?"

"तुह्या." शोभाताईंनी पाण्याचा घोट घेतला. त्यांना घाई नव्हती. "तूच शिकवलं मले तळघरात. आडव्या बाटलीची कूस खाली ठेवून ओताचं, उभी बाटली सरळ उचलाची. आज सकाळी लेबलावर पिंप लिहिलेली बाटली, जे सगळ्यांच्या हिशोबानं आडवी निजलेली होती, ते तू उचलून ओतली, टेबलावर ठेवली, परत उचलली, अन् शेवटची दोन बोटं सोडली. अन् लेबलावर बरणी लिहिलेली, जे उभी होती, ते तू उजेडात धरून गाळाची कूस शोधली अन् आडवीच ओतली. तुह्या तोंडानं लेबल वाचलं, पण हातानं खरं सांगितलं. कोणती बाटली कोणती आहे, हे त्या खोलीत फक्त तुह्या हातांले ठाऊक होतं. चांगलं शिकला आहेस. गढूळ पेला देणं तुह्यानं झालंच नाही."

कुणीतरी भाताची वाटी खाली ठेवली, तिचा आवाज झाला. शोभाताईंनी पिशवीतून मघाचं गुळगुळीत पत्रक काढलं.

"अन् हे. 'ओकमध्ये मुरलेली, अकरा वर्षं जुनी.' निकाल आज लागला, पण पत्रकं छापून गठ्ठा तयार. तू महिन्याआधी तिन्ही चाखल्या, पिंप आंबलेलं निघालं, बरणी उत्तम निघाली, अन् तुह्याजवळ गोष्ट होती ओकची."

बाबूलालजी मुलाकडे बघत होते. त्या बघण्यात राग कमी होता आणि लाज जास्त, म्हणून ते सोसणं कठीण होतं. अश्विनने नजर खाली नेली.

"बाबा, मी वाईट वाइन जिंकवली नाही," तो म्हणाला. आता तो नाशिकचं बोलणं विसरला होता. "चांगलीच जितवली ना जी? जितली ते रुखमाबाईचीच वाइन. फक्त लोणच्याच्या बरणीचं नाव कोण लावन? मी फक्त नाव बदलवलं."

"वाइन जितली," रुखमा म्हणाली. दारातून तिचा आवाज स्पष्ट आला. "अन् मी हरली. माहं नाव काय कागदाचं होतं, अश्विनबाबू? ओलं बोट लावलं अन् निघालं?"

अश्विनने समोरचं पान बाजूला सरकवलं. पण बाबूलालजींकडे एक शंका होती, आणि बापाच्या मनात ती येणारच.

"ताई, गाळ, हात, सगळं पटलं. पण जीभ अजून साक्ष द्याची आहे. ते खरंच बरणीचं आहे, हे चाखून कसं कळन? दुसरी बरणी तं उरली नाई."

शोभाताई याचीच वाट बघत होत्या. त्यांनी पायाशी ठेवलेल्या पिशवीत हात घातला आणि वर्तमानपत्रात गुंडाळलेली, तोंडाला लाख असलेली एक बाटली बाहेर काढली. ती त्यांनी अलगद उभी ठेवली.

"खाणीत मालाचे तीन नमुने काढतेत. एक विकणाऱ्याचा, एक घेणाऱ्याचा, अन् तिसरा पंचाचा. पंचाचा नमुना सील करून तिसऱ्याच माणसाकडे ठेवाचा, अन् तंटा झाल्याशिवाय फोडाचा नाही. अकरा वर्षांआधी रुखमा हे बाटली घेऊन माह्या क्वार्टरवर आली होती. म्हणे, ताई, हा पंच ठेवा. मी पीत नाही, म्हणून माह्याजवळ ते उरली. कपाटात उभी होती, आजवर. सकाळी वाटलं, तीन बाटल्या फुटणार आहेत तर पंचाले सोबत घ्यावं."

वर्तमानपत्र उलगडलं. आत एक चिठ्ठी होती, बाटलीच्या मानेला बांधलेली. तारीख, 'बरणी', आणि खाली तीन सह्या: रुखमाची गोल अक्षरांतली, चंद्रकुमारची, आणि तिसरी लांब शेपटीची, जी साकोलीतला प्रत्येक दुकानदार ओळखतो.

"हे तं माही सही हाय," बाबूलालजी म्हणाले. "बापा रे! मी तेव्हा हसलो होतो. मनलं, या बाईले खाणीची सवय गेली नाई."

"चंद्रकुमार, फोडा," शोभाताई म्हणाल्या. "पण ओतन रुखमा."

रुखमाने बाटली सरळ उचलली, सहा पेल्यांत थोडी थोडी ओतली आणि दोन बोटं तळाशी सोडली. कुणाकडे न बघता ती परत दाराशी जाऊन उभी राहिली. बाबूलालजींनी एक घोट घेतला, मग सकाळच्या विजेत्या बाटलीतला उरलेला घोट, मग पुन्हा पंचाचा. तोच तुरटपणा, त्याच मनुका, शेवटपर्यंत तेच जांभूळ. त्यांनी आत जाऊन चाखायच्या टेबलावरची किल्ली आणली, दारापर्यंत गेले आणि साकोली तालुक्यात कधी कुणी पाहिलं नव्हतं असं केलं. रुखमापुढे हात जोडले आणि मग किल्ली तिच्या हातात दिली.

"यंदाचा सगळा हंगाम बरणीत. अन् लेबलावर तुमचं नाव. अनुपजी, तुमाले नसन पटत तं..."

"नाही पटत कसं?" अनुप म्हणाले. "लोणच्याच्या बरणीत मुरलेली वाइन! ओक तर सगळ्यांकडे असतो. हे पत्रक फाडा, मी नवीन छापतो."

हे ऐकून अश्विनने डोळे मिटून घेतले. कुणी काही बोललं असतं त्यापेक्षा हे जास्त लागलं. एवढी लबाडी केली, आणि तिची गरजच नव्हती.

"अन् तू," बाबूलालजी त्याला म्हणाले, "उद्यापासून बाटल्या धुवाच्या कामावर. रुखमाबाई सांगतीन तोवर."

नव्या धन्याच्या थाटात कामाची यादी करायला रुखमाने वेळ लावला नाही. "गाळ चांगला घासून काढा लागते, अश्विनबाबू. पण तुमाले तं समजते गाळाचं." मग ती चंद्रकुमारकडे वळली. तो मान खाली घालून उभा होता. "अन् तुमी, भाऊ, उद्या सकाळी बरण्या उन्हात घाला. बारा लागतीन. आता तोंड उघडं ठेवत जा."

चंद्रकुमारने डोळे पुसले आणि मान हलवली.

चारच्या बसला रुखमा गेली नाही. शोभाताईंना जायचं होतं, म्हणून ती त्यांना बसमध्ये बसवून द्यायला आली. रिकामी झालेली पंचाची बाटली तिच्या हातात होती, धुतलेली.

"ताई, पंच फुटला," ती म्हणाली. "यंदा नवा काढा लागन. मी आणून देतो तुमच्याकडे, चिठ्ठी बांधून."

"अगं, हिशोब कर. अकरा वर्षं मुराची म्हणजे मी त्र्याहत्तरीची होईन."

"मंग?"

"मंग म्हणजे? तोवर मी राहीन का?"

"राहा लागन जी," रुखमा म्हणाली आणि पिशवी त्यांच्या मांडीवर उभी ठेवून दिली. "तंटा झाल्याशिवाय पंचाले जाता येत नाई. तुमीच शिकवलं."